खणातला बंद मोबाईल

आमच्या आसवनीच्या गेटवर लाकडी खणांचं कपाट होतं. खणाला नंबर, आत मोबाईल, बदल्यात पितळी बिल्ला. कायम कामगार, ठेकेदाराची माणसं, टँकरचे ड्रायव्हर-क्लीनर, सगळ्यांनी फोन तिथे ठेवूनच आत जायचं. रजिस्टर पाहिलं तर नियम वर्षानुवर्षं काटेकोर पाळला जात होता. खणांत मात्र बरेच फोन मेलेले असायचे. कुणाचा पावसात भिजून गेलेला, कुणाची काच फुटलेली, एकाने तर आठवडे बाजारातून नुसतं खोकं विकत आणलेलं. असा मेलेला फोन जमा करायचा आणि चालू फोन डब्याच्या पिशवीतून नाहीतर मोज्यातून आत न्यायचा. वॉचमनला हे माहीत होतं. मलाही होतं, कारण माझ्या नावाच्या खणातही एक जुना बटणांचा फोन पडलेला असे आणि त्यात बॅटरी नव्हती.

मी साठवण विभागाचा प्रमुख होतो. इथेनॉलच्या टाक्या, पंपघर, टँकर भरायचा धक्का आणि या सगळ्याची सुरक्षितता माझ्याकडे. अधिकाऱ्यांना फोन जमा करायची सक्ती पूर्वी नव्हती. ती मीच सुरक्षा समितीच्या बैठकीत आणवली. नियम साहेबाला एक आणि कामगाराला एक कसा, असं तावातावाने बोलून. कामगार प्रतिनिधींनी बाकं वाजवली. मग लक्षात आलं की मला दिवसभर कुणी ना कुणी शोधत असतं: वजनकाट्यावरून, प्रयोगशाळेतून, हेड ऑफिसातून. ऑफिसात टेलिफोन होता, पण मी ऑफिसात असायचो कुठे? बैठकीत बोललेला शब्द मागे घ्यायची लाज वाटली. त्यापेक्षा खोटा फोन आणणं सोपं होतं.

मळीपासून स्पिरिट काढणाऱ्या आसवन्या आपल्याकडे जुन्याच. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल हा प्रकार त्या मानाने नवा. २००१ साली देशात तीन ठिकाणी त्याचा प्रयोग झाला, त्यांतली दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशातलं बरेली. पुढे मिश्रणाचं प्रमाण वाढत गेलं, २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं, आणि साखर कारखान्यांच्या आवारात टाक्यांची गर्दी झाली. ऊस, मळी, बगॅस यांत हयात गेलेल्या माणसांना इथेनॉल म्हणजे जरा जास्त कडक दारू वाटायची. खरं सांगायचं तर मलाही सुरुवातीला त्याचा धाक पेट्रोलपेक्षा कमी वाटे.

तो तसा वाटू नये. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटतच नाही. जळायला लागणारी हवा तिथे पुरेशी नसते. तिथे धोका टाकीबाहेर, वाफ पातळ होते त्या जागी. इथेनॉलचं गणित निराळं. हवेत त्याची वाफ साधारण ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असली की ती पेटू शकते. २० अंशांना बंद टाकीत ती सहा टक्क्यांच्या आसपास भरते, ४० अंशांना सतरा-अठरा टक्के. म्हणजे हिवाळ्यातल्या गारठ्याच्या पहाटा सोडल्या तर आपल्या हवेत जवळजवळ बारा महिने टाकीच्या आत पेटायला तयार मिश्रण असतं. शिवाय शुद्ध इथेनॉलची ज्वाळा फिकट निळी, भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. हे मला तोंडपाठ होतं. नव्या माणसांच्या प्रशिक्षणात मीच हे शिकवायचो, फळ्यावर झोन शून्य, एक आणि दोन यांची वर्तुळं काढून. शून्य म्हणजे टाकीचं पोट, जिथे वाफ कायम आहे. एक म्हणजे झाकणाच्या, व्हेंटच्या आसपासची जागा, जिथे काम चालू असताना ती येणारच. दोन म्हणजे काही बिघडलं तरच येईल अशी.

हंगाम भरात असताना एका रात्री मी स्वतः डिप घ्यायला टाकीवर चढलो. डिप म्हणजे छतावरचं झाकण उघडून पितळी वजन लावलेली टेप आत सोडायची आणि ओली रेघ कुठवर आली ते वाचायचं. सोबत आप्पा होते, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे ऑपरेटर. फ्लेमप्रूफ टॉर्च मिणमिणत होता. त्याच्या चार्जरची पिन कधीची तुटली होती आणि नव्या चार्जरच्या मागणीपत्रावर माझीच सही राहिली होती. टेपेवरची रेघ दिसेना. मी खिशातून मोबाईल काढला, त्याचा दिवा लावला आणि उघड्या झाकणावर वाकलो.

आप्पा म्हणाले, "साहेब, तुमचा फोन तर गेटवर हाय न्हवं?"

"आहे की. हा टॉर्च आहे."

दोघंही हसलो. टेप गुंडाळताना फोन हातातून सुटला, छताच्या पत्र्यावर आपटला, मागचं कव्हर उडालं, बॅटरी एकीकडे आणि फोन एकीकडे. त्या काळातल्या फोनची बॅटरी अशी सुटत असे. झाकण हातभर अंतरावर उघडं होतं. काहीही झालं नाही. आप्पांनी बॅटरी उचलून माझ्या हातात दिली, आम्ही आकडा लिहिला आणि खाली उतरलो.

काहीही झालं नाही, हेच पुढे मला भोवलं. इथेनॉलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. चालू फोनची बॅटरी निखळताना ठिणगी पडू शकते. ती दर वेळी तेवढी जोरकस असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही. अशा जागी उपकरण न्यायला परवानगी नसते ती याच 'असेल-नसेल'मुळे. मी मात्र त्या रात्रीतून उलटाच निष्कर्ष काढला, की लोक उगाच घाबरतात. कारखाने अधिनियम, १९४८ मधलं ३६ अ हे कलम मी मित्रांना गमतीने ऐकवायचो. टाकीत वगैरे २४ व्होल्टच्या वरचा हातातला दिवा नेऊ नये असं त्यात म्हटलं होतं, आणि माझा फोन तर जेमतेम चार व्होल्टचा! त्याच कलमाचा पुढचा भाग मी सोडून द्यायचो. ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असेल तिथे फ्लेमप्रूफ बनावटीखेरीज कुठलाच दिवा चालत नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

पुढे फोन बदलायची वेळ आली तेव्हा ठरवलं की आता नियमात बसणारा घ्यायचा. बाजारात जाड रबरी कडांचे, काळ्या-पिवळ्या रंगाचे फोन आले होते. जाहिरातीत ते पाण्यात बुडवतात, त्यांच्यावरून गाडी नेतात. खोक्यावर आयपी ६८ असा शिक्का. मी खरेदी विभागाला लेखी शिफारस केली, 'धोकादायक क्षेत्रासाठी योग्य', आणि सुपरवायझरांसाठी असे फोन घेतले गेले. गेटवर त्यांना सूट मिळाली. आता आयपी ६८ मधला सहा सांगतो की आत धूळ शिरत नाही आणि आठ सांगतो की फोन पाण्याखाली टिकतो. पेटणाऱ्या वाफेबद्दल त्या आकड्यांत अवाक्षर नाही. रेनकोट घालून आगीत शिरावं तशातला प्रकार. बाहेरून आलेल्या एका सुरक्षा लेखापरीक्षकाने फोन उलटा करून विचारलं, "ईएक्सची खूण कुठाय?" ती अक्षरं, त्यांच्यापुढे कुठला वायुगट, पृष्ठभाग किती तापेल त्याचा वर्ग, हे सगळं मी मोटारींच्या आणि दिव्यांच्या पाट्यांवर रोज वाचत होतो. फोनवर ते शोधायचं मला सुचलंच नव्हतं. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. एक पत्र टाकून विचारलं असतं तरी भागलं असतं.

योग्य प्रमाणपत्र असलेले फोन मिळतात आणि ते महाग असतात. त्यांच्या मंडलात ऊर्जाच इतकी थोडी खेळवलेली असते की आत काही तुटलं, बिघडलं तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी पडू नये. या कल्पनेचा उगम कळल्यावर मला माझ्या चार व्होल्टच्या विनोदाची शरम वाटली. वेल्समधल्या सेंगेनिध गावच्या कोळसा खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले; वाचवायला गेलेला एक जण वेगळा. ब्रिटनमधला हा सर्वांत भीषण खाण अपघात. त्या काळी खाणीत निरोप द्यायची सोय अशी होती की बोगद्यातून दोन उघड्या तारा गेलेल्या असत, त्या एकमेकींना टेकवल्या की लांब घंटा वाजे. स्फोट नेमका कशाने झाला हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, पण चौकशीत संशयाची सुई या घंटेच्या ठिणगीकडे वळली. व्होल्टेज अगदी कमी म्हणून सगळे निर्धास्त होते. पुढच्या प्रयोगांत दिसलं की घंटेच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा मंडल तुटताना एकदम बाहेर पडते आणि तेवढी खाणीतला वायू पेटवायला पुरते. खाणीच्या मॅनेजरला सगळे आरोप धरून २४ पौंड दंड झाला. म्हणजे निरोपाचं साधन आणि पेटणारी हवा यांचं भांडण मोबाईलपेक्षा बरंच जुनं आहे.

याच्या नेमकी उलटी बाजूही मला ठाऊक होती, आणि तिचा मी गैरवापर केला. पेट्रोल पंपावर मोबाईल वाजला की भडका उडतो, अशी एक समजूत आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींच्या हकिकती गोळा करून पाहिल्या. मोबाईलमुळे आग लागली असं त्यांना एकाही प्रकरणात सिद्ध करता आलं नाही. खूप ठिकाणी कारण निघालं ते स्थिर विजेचं: नोझल टाकीत लावून माणूस गाडीत जाऊन बसतो, सीटवर घासून अंगावर भार घेऊन उतरतो आणि नोझलला हात लावतो. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर दहा-दहा मिलिज्यूल सहज साठतात, वाफ पेटवायला लागतात त्याच्या कितीतरी पट. म्हणजे माझ्या फोनच्या लहरींपेक्षा माझा टेरिकॉटचा शर्ट जास्त धोक्याचा! हे मी चारचौघांत रंगवून सांगायचो. आता तर 'मोबाईल वापरू नये' या पाटीखालीच क्यूआर कोड चिकटवलेला असतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ते पटायचंही. पण पंपाच्या मोकळ्या हवेतली गोष्ट मी टाकीच्या उघड्या तोंडाला लावत होतो. त्यातही मी बोलत होतो फक्त लहरींबद्दल. फोन पडतो, त्याची बॅटरी चेपते, फुगते, तापते, पेटते. हे लहरींच्या वादात येतच नाही. आणि माझ्या ऐकणाऱ्यांत आमचे टँकर ड्रायव्हर होते. साहेबच म्हणतात मोबाईलने काही होत नाही, हे वाक्य नंतर मला धक्क्यावर माझ्याच नावाने परत ऐकायला मिळालं.

धक्क्यावरची एक दुपार. टँकरचा शेवटचा कप्पा भरत होता. मीटरचं आपोआप बंद होणं बिघडलेलं, म्हणून वर एक माणूस पातळी बघायला आणि खाली व्हॉल्व्हवर मी. अर्थिंगचा चिमटा लावलेला, लोडिंग आर्म तळापर्यंत सोडलेला, सगळं रीतसर. हेड ऑफिसचा फोन आला. मी व्हॉल्व्ह सोडून पिवळ्या रेषेच्या बाहेर जाऊन बोललो. झोनच्या बाहेर, म्हणजे नियमाप्रमाणेच. पलीकडचे साहेब महिन्याचे आकडे विचारत होते आणि मी डोळे मिटून आठवत होतो. वरचा माणूस ओरडत होता म्हणे. मला ऐकू आलं ते क्लीनर धावत आल्यावर. तोवर इथेनॉल मॅनहोलवरून ओसंडून टँकरच्या अंगावरून खाली, चाकांखाली, गटारीकडे निघालं होतं.

पंप बंद केला, धक्क्यावरची हालचाल थांबवली, हायड्रंट उघडला. इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी मारून ते पातळ करता येतं. पेट्रोलवर तसं करायला गेलं तर ते पाण्यावर तरंगत पुढे जातं. फेसही साधा चालत नाही, अल्कोहोल तो फोडून टाकतं, त्यासाठी वेगळा मिळतो. तो आमच्याकडे होता. पेटलं काही नाही. ड्रायव्हरने केबिनमध्ये जाऊन गाडी बाजूला घ्यायला चावी लावली असती तर, हा विचार मी आजही अर्ध्यावर सोडतो. सांडलेला माल शुल्काच्या हिशेबातला, म्हणून उत्पादन शुल्क खात्याला कळवणं आलं, पंचनामा आला. पंचनाम्यात कारण लिहिलं 'मीटरमधील बिघाड'. ते खोटं नव्हतं. माझ्या फोनचा उल्लेख कुणी केला नाही, मीही नाही. ठिणगीच्या चर्चेत आम्ही सगळे इतके गुंतलेलो की फोन माणसाला तिथून उचलून दुसरीकडेच नेतो, ही साधी गोष्ट नियमात कुठेच नव्हती. पिवळी रेषा पायांना अडवते, लक्षाला नाही.

घरचं एक सांगतो, थोडक्यात. सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात. हवेपेक्षा जड असल्याने हा गॅस जमिनीलगत पसरतो. हे कामगारांच्या बायकांच्या मेळाव्यात सांगणारा मी, सिलिंडरपाशी ओणवा होऊन मोबाईलच्या उजेडात रेग्युलेटर बघत होतो आणि तिथूनच १९०६ हा तातडीचा क्रमांक लावत होतो. "अहो, आधी बाहेर या! फोन अंगणातून करा," असं ओरडून बायकोने मला दंडाला धरून ओढलं. तिने दारं-खिडक्या आधीच उघडल्या होत्या आणि एकाही बटणाला हात लावला नव्हता. ती मेळाव्याला आली होती.

आता ते, जे लिहायला मी सर्वांत जास्त टाळाटाळ केली.

डिपचे आकडे रजिस्टरवर उशिरा येतात, शिवाय कधी कधी वर न चढताच लिहिले जातात, असा मला संशय होता. म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. प्रत्येक पाळीत टेपेचा फोटो टाकायचा. गेटवर फोन जमा करायचा आणि टाकीवरून फोटो पाठवायचा, या दोन हुकमांवर सही एकाच माणसाची होती. मला हे विसंगत वाटलं नाही, कारण सुपरवायझरांकडे ते काळे-पिवळे फोन होते. सुपरवायझर वर चढायला कंटाळत आणि ठेकेदाराच्या पोरांना सांगत, "तुझा फोन असंल ना आत, त्यातनं काढ." पोरं काढत. ग्रुपवर फोटो येत आणि मी त्यांना अंगठे देत असे.

त्याच लेखापरीक्षकाच्या भेटीत एक पोरगा टाकीच्या जिन्यावर फोन हातात असताना सापडला. एकविशीतला असेल, मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला. टोळी गावी परतली तरी हा प्लांटवर राहिला होता. त्याला ऑफिसात उभं केलं. कशाला नेला होतास फोन, असं विचारल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही. त्याचा हजेरीपास काढून घेतला, पगारातून दंड कापला, आणि नोटीस बोर्डावर नियमभंगाची नोंद लागली. त्या कागदावर सुरक्षितता प्रमुख म्हणून माझीच सही आहे. मी त्याच खोलीत बसलेलो, खिशात फोन होता, व्हायब्रेशनवर. ग्रुपवर पुढच्या डिपचा फोटो आला असावा.

तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? बहुधा काही नाही. मला मेमो मिळाला असता, ग्रुप बंद झाला असता आणि पुढचा प्रकार घडला नसता.

पुढचा प्रकार फर्मेंटरचा. मळीचं किण्वन होताना जितक्या वजनाचं अल्कोहोल तयार होतं, जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेच्या दीडपट जड, टाकी रिकामी केली तरी तळाशी बसून राहतो. आत उतरायचं तर हवा खेळवायची, मीटरने प्राणवायू आणि वायू तपासायचे, कमरेला दोर बांधायचा आणि मॅनहोलवर एक माणूस कायम उभा ठेवायचा, ज्याला दुसरं काहीही काम नाही. प्लांट बंद असतानाच्या काळात साफसफाई चालू होती. ब्लोअर लावला होता, सकाळची तपासणी झाली होती, आतल्या माणसाला दोर होता, बाहेर माणूस होता. पलीकडे पंपाचा गोंधळ झाला आणि मला हात कमी पडले. मी मॅनहोलवरच्या माणसाला तिकडे पाठवलं. आत डोकावून म्हटलं, "फोन आहे ना रे तुझ्याकडे? काही वाटलं तर मिस्ड कॉल दे."

फोन आत नेलास का म्हणून ज्या कारखान्यात दंड कापला जात होता, तिथे मी हे बोललो. आणि चौफेर पोलादाच्या टाकीत फोनला रेंज येत नाही, हे मला, विद्युत शाखेच्या पदविकाधारकाला, त्या क्षणी आठवलं नाही. मध्येच वीज गेली आणि ब्लोअर थांबला, हेही मला कळलं नाही. तळातला गाळ ढवळला जात होता तसा अडकलेला वायू सुटत होता. त्या माणसाला धाप लागली, डोकं जड झालं. त्याने फोन काढून माझा नंबर लावला, पुन्हा लावला. मग शहाणपणाने फोन टाकून दिला आणि होजच्या नोझलने टाकीची भिंत बडवायला लागला. वाटेने जाणाऱ्या फिटरने आवाज ऐकला. त्याने आत उडी घेतली नाही हे दोघांचंही नशीब; अशा टाक्यांत पहिल्याच्या मागून वाचवायला उतरलेला दुसरा जातो. त्याने बाहेरून दोर ओढला, हाका मारत राहिला, आणि माणूस शिडीवरून कसाबसा वर आला.

तो वाचला. ओकला, तासभर पडून राहिला, दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी गेला. मी अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात 'अतिउष्णतेमुळे चक्कर'. एप्रिल महिना होता, कुणी शंका घेतली नाही.

रात्री मला झोप लागली नाही हे सांगण्यात अर्थ नाही, ती कुणालाही लागली नसती. दुसऱ्या दिवशी मी जनरल मॅनेजरांच्या खोलीत गेलो आणि फर्मेंटरपासून सुरुवात करून मागे मागे सगळं सांगितलं: मिस्ड कॉल, ग्रुप, पोराचा दंड, धक्क्यावरचा फोन, गेटवरचा बिनबॅटरीचा फोन. ते ऐकत होते तेव्हा मला वाटत होतं मी मोठं धाडस करतोय. त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडे वॉकीटॉकी किती आहेत?" एकही चालू नव्हता. "फ्लेमप्रूफ टॉर्च?" मोजके, बरेच बिघडलेले. "टाकीवर पातळी दाखवणारं यंत्र?" प्रस्ताव माझ्याच टेबलावर पडलेला, दोन कंपन्यांच्या कोटेशनसकट. मी स्वतःच्या अपराधांची यादी घेऊन गेलो होतो आणि ते सामानाची यादी विचारत होते. तेव्हा कुठे मला दिसलं की फोन आत आला तो दर वेळी कशाच्या तरी जागेवर आला: टॉर्च नव्हता म्हणून दिवा झाला, गेज नव्हतं म्हणून कॅमेरा झाला, माणूस हटवला म्हणून राखणदार झाला. बोलण्यासाठी तर तो आम्ही क्वचितच वापरला. त्या सगळ्या रिकाम्या जागा भरण्याचं काम माझं होतं.

ग्रुप त्याच दिवशी बंद केला. प्रमाणपत्र असलेले वॉकीटॉकी आले, टॉर्च चार्ज करायला पंपघराबाहेर फळी आली आणि पाळी बदलताना टॉर्च मोजून घ्यायची पद्धत पडली. रडार गेज पुढच्या हंगामात बसलं. धक्क्याजवळ फ्लेमप्रूफ टेलिफोन लागला, त्यावर बाहेरचे फोन येत नाहीत, हेड ऑफिसचे तर नाहीतच; ही अट मी भांडून घातली. गेटवरच्या खणात फोन ठेवताना वॉचमन आता तो चालू करून बघतो. पोरं त्याला शिव्या देतात.

दंडाचे पैसे परत करायला लेखा विभागाकडे शीर्षकच नव्हतं, म्हणून मी ते खिशातून दिले. त्या पोराने घेतले, मोजले. म्हणाला, "बोर्डावरचं नाव बी काढा सायेब. गावाकडं फोटो गेलाय त्याचा." बोर्डावरचा कागद काढला. फोटो कुणी काढला होता ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

राहिला फर्मेंटरचा अहवाल. तो दुरुस्त करावा म्हणून मी रीतसर अर्ज दिला, खरं कारण लिहून, खाली सही करून. अर्ज प्रशासनाकडून कायदा सल्लागाराकडे गेला, तिथून शेरा मारून परत आला: जखमी व्यक्ती कामावर हजर, बाब जुनी, फाईल पुन्हा उघडण्याची आवश्यकता नाही. मी त्यावर पुन्हा लिहिलं नाही. निवृत्त झालो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या दिल्या, त्या फायलीत कारण अजून उष्णता हेच होतं.